बेचिराख गावांचा हिशेब : गुन्हेगारी, दारिद्र्य आणि राज्याची आर्थिक वाढ



मराठीत ‘बेचिराख’ हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याची फोड करून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. युद्धात एखादे शहर बेचिराख झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढे राखेचे ढीग उभे राहतात. वास्तविक या शब्दात राख नाही, दिवा आहे. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात दिवेलागणीला एकही पणती पेटत नाही, ते गाव बेचिराग. हा मुळात महसुली दप्तरातला शब्द. परगण्यातील एकूण मौजे किती, त्यांपैकी आबाद किती आणि बेचिराग किती, याचा हिशेब कारकुनाला ठेवावा लागे. कारण ज्या गावात दिवा नाही तेथून सारा येणार नाही, हे सरकारला कळणे अगत्याचे होते. पुढे मराठी माणसाच्या जिभेवर ‘चिराग’चा ‘चिराख’ झाला आणि लोकांनी त्यात आपली राख पाहिली.

राज्याची भरभराट दिव्यांनी मोजण्याची ही जुनी रीत आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. गुन्हेगारी आणि दारिद्र्य यांचा राज्याच्या आर्थिक वाढीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून चर्चिला जातो. परंतु माळवा आणि निमाड यांच्या सीमेवर, विंध्याच्या पायथ्याशी वसलेल्या कुक्षीसारख्या गावाला त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. या मुलखाने तो प्रश्न अंगावर झेललेला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या प्रारंभी माळव्याची जी दैना झाली, तिचा तपशील सर जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. हा ग्रंथ १८२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. होळकरांच्या राज्यात खालसा गावे ३,७०१ होती. १८१७ साली त्यांपैकी आबाद होती २,०३८, आणि बेचिराग १,६६३. म्हणजे शंभरांतल्या सुमारे पंचेचाळीस गावांत दिवा लागत नव्हता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला महिदपूरची लढाई झाली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह. तहानंतर १८१८ मध्ये २६९ गावे पुन्हा वसली, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८. तीन वर्षांनंतर बेचिराग गावे उरली ५४३. माळवा व राजपुताना या भागांतून होळकर सरकारला १८१७ साली मिळणारा वसूल साडेचार लाख रुपयांच्या आत होता. १८१९-२० मध्ये तो सतरा लाखांच्या घरात गेला. इतक्या थोड्या काळात राज्याचा वसूल जवळजवळ चौपट व्हावा, यासाठी कोठे नवी जमीन जिंकली गेली नव्हती, कोठे खाण सापडली नव्हती. जमीन तीच होती, पाऊस तोच होता. कुणबी परत आला होता, इतकेच.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माल्कम हा कंपनी सरकारचा अधिकारी. आपल्या राजवटीने शांतता आणली हे दाखवण्यात त्याला स्वारस्य होते. संस्थानिकांच्या फौजा मोडून हजारो शिपाई बेकार करण्यात कंपनीच्या युद्धांचा आणि तैनाती फौजेच्या तहांचा वाटा किती, याचा उच्चार तो जपून करतो. तथापि गावांची मोजदाद ही दप्तरातली बाब होती, आणि उजाड गावे पुन्हा वसली हे नाकारण्याचे कारण नाही.

लुटालुटीने राज्य दरिद्री होते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. चोराने एकाचे धन दुसऱ्याच्या हाती नेले, एवढाच जर व्यवहार असता, तर राज्याच्या एकूण संपत्तीत फरक पडला नसता. फरक पडतो तो न झालेल्या कामामुळे. उभे पीक कापून नेले जाणार हे ठाऊक असलेला शेतकरी पेरणीच कमी करतो. विहीर खणत नाही, बांध घालत नाही, आंब्याचे झाड लावत नाही. कारण ज्याचे फळ दहा वर्षांनी मिळणार, ते आपल्याला मिळेल याची त्याला शाश्वती नसते. लुटीत जाणारे धान्य डोळ्यांना दिसते. न पेरलेले धान्य कोणाच्याच हिशेबात येत नाही, आणि नुकसान मात्र त्याचेच मोठे असते.

दुसरी गोष्ट भांडवलाची. पेंढाऱ्यांनी १८१६ साली गुंटूरच्या बाजूस जी धाड घातली, तिची चौकशी कंपनी सरकारने केली होती. साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली. १८२ माणसे मारली गेली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ करण्यात आला. मारले गेलेल्यांपेक्षा छळ झालेल्यांची संख्या वीसपट का असावी? कारण लोक पैसा पुरून ठेवीत, आणि पुरलेली जागा सांगेपर्यंत पेंढारी त्यांना सोडीत नसत. भीतीच्या काळात धन जमिनीत जाते. जमिनीतले धन व्याजाने फिरत नाही, बैल विकत घेत नाही, माग चालवीत नाही. ज्या समाजात बचत हंड्यात पुरली जाते, त्या समाजाचे भांडवल असूनही नसल्यासारखे असते.

तिसरी गोष्ट व्यापाराची. माळव्यातील सावकारांत मालाचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी होती. माल पोहोचवण्याचे भाडे आणि जोखीम मिळून एकच रक्कम ठरवायची, यालाच ‘हुंडा-भाडे’ म्हणत. वाटेवर धोका वाढला की हा दर चढे, वाट मोकळी झाली की उतरे. हा दर म्हणजे चोरांनी व्यापारावर बसवलेली जकातच होय. भेद एवढाच की ती सरकारात जमा होत नसे. ती शेवटी भरावी लागे मीठ आणि कापड घेणाऱ्या गरिबाला.

चौथी गोष्ट खुद्द सरकारच्या खर्चाची. अस्वस्थ मुलखात सारा वसूल करायचा तर शिबंदी पाहिजे, आणि शिबंदीचा पगार त्या साऱ्यातूनच द्यायचा. होळकरांच्या राज्यात वसुलाचा खर्च पूर्वी शेकडा चाळीसच्या आसपास होता. शांततेनंतर तो पंधराच्या वर जाईनासा झाला, असे माल्कम सांगतो. रयतेकडून घेतलेल्या रुपयातले सहा-साडेसहा आणे तो रुपया गोळा करण्यातच खर्ची पडत असतील, तर तलाव, रस्ते आणि न्याय यांसाठी उरणार काय?

आता उलट बाजू. पेंढारी होते तरी कोण? ते एका जातीचे नव्हते, एका धर्माचेही नव्हते. मोठ्या फौजांच्या मागून बिनपगारी चालणारे, लुटीवर पोट भरणारे हे लोक. फौजा मोडल्या, पगार थकले, तसतशी त्यांची संख्या वाढत गेली. ज्या शेतकऱ्याचे गाव त्यांनी जाळले, त्याला बैल उरला नाही आणि बियाणे उरले नाही. त्याच्यापुढे दोनच मार्ग राहिले, भीक मागणे किंवा घोडा मिळवून त्याच टोळीत सामील होणे. उजाड झालेले गाव पुढच्या वर्षीची टोळी जन्माला घालीत असे. गुन्ह्याने दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्याने गुन्हा, या वाक्याचा अर्थ माळव्यात इतका उघड होता. धारच्या पवारांचे संस्थान या चक्रात वीस वर्षे भरडले गेले. १८०७ साली आनंदराव पवार निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी मीनाबाई यांनी धैर्याने ते नावापुरते तरी जगवले. १० जानेवारी १८१९ च्या तहाने त्याला स्थैर्य आले. कुक्षी हा याच संस्थानाचा परगणा होता.

हे चक्र तोडण्याचा उपाय केवळ तलवारीत नव्हता, हे त्या काळच्या जाणत्या माणसांना समजलेले होते. या बाबतीत पहिले नाव घ्यावे लागते ते महेश्वरी बसून १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे. विंध्य-सातपुड्यातील भिल्ल नाईक वाटसरूंना अडवीत. अहिल्याबाईंनी प्रसंगी कठोर शासन केले. पण त्याचबरोबर घाटातून जाणाऱ्या मालावर ‘भीलकवडी’ नावाचा अल्पसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला, पडीक जमीन लागवडीस दिली, आणि त्या बदल्यात आपापल्या हद्दीतील वाटेची राखण करण्याची व चोरीस गेलेला माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. धोरण साधे होते. वाट मारून जे मिळते त्याहून वाट राखून थोडे अधिक आणि निश्चित मिळाले, तर माणूस वाट राखतो.

१८१८ नंतर इंदूरचे कारभारी तात्या जोग यांनी होळकरांचे विस्कटलेले राज्य सावरले, तेही रयतेला परत आणून. मराठी राज्यपद्धतीत यासाठी एक सुंदर व्यवस्था होती, ती म्हणजे कौल आणि इस्तावा. उजाड जमीन लागवडीस आणणाऱ्याला सरकार अभय देई आणि पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो वर्षावर्षाने चढवीत पूर्ण दराला नेई. आजच्या भाषेत ही करसवलत. त्या काळी ते सरकारने रयतेला दिलेले वचन होते. खानदेशात १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तेव्हाही पगार आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टींनी जे साधले ते आधीच्या मोहिमांनी साधले नव्हते. जोडीला भिल्ल कुटुंबांना बैल-बियाण्यासाठी तगाई देऊन शेतीवर बसवण्याचा प्रयत्न झाला. त्याच धर्तीची माळवा भिल्ल पलटण पुढे कुक्षीपासून फार लांब नसलेल्या सरदारपूरला होती.

येथे कोणी म्हणेल, मग शांतता आली, दिवे लागले, प्रश्न मिटला. तो मिटला नाही, आणि हीच या कथेतील शिकण्यासारखी गोष्ट आहे. तलवारीची लूट थांबली. तिची जागा कागदाने घेतली. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा, तो भरण्यासाठी सावकाराकडे जायचे, आणि कर्ज फिटले नाही की न्यायालयाचा हुकूमनामा येऊन जमीन जायची. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख खतपत्रांवर होता. कर्जरोखे हाती लागले की ते जाळून टाकायचे, असा तो दंगा होता. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा करावा लागला. दंगा हा गुन्हा होता. परंतु त्याचे मूळ कायद्याने चाललेल्या व्यवहारात होते, हे सरकारनेच मान्य केल्यासारखे झाले.

निमाडात याच सुमारास टंट्या भिल्लाचे नाव गाजू लागले. खंडाच्या थकबाकीपायी वडिलार्जित जमीन गेली, दाद लागली नाही, आणि तो रानात शिरला, अशी त्याची हकिकत सांगितली जाते. दहाबारा वर्षे तो पोलिसांच्या हाती लागत नव्हता, कारण गावोगावचे गरीब त्याला लपवीत होते. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. सरकारी कागदांत तो दरोडेखोर होता. निमाडच्या लोकमानसात तो ‘टंट्या मामा’ झाला. ज्या राज्यात कायद्याने वागणारा सावकार लोकांना लुटारू वाटतो आणि लुटारू मामा वाटतो, त्या राज्याच्या न्यायव्यवस्थेत काहीतरी खोलवर बिघडलेले असते. अशा ठिकाणी पोलिसांची संख्या वाढवून सुबत्ता येत नाही.

दारिद्र्य आणि गुन्हा यांचे नाते सांगताना एक मोठा धोका असतो. गरीब म्हणजे गुन्हेगार, असे समीकरण मनात तयार होते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून हे समीकरणच कायद्यात बसवले. ज्यांचा लमाणी व्यापार रेल्वेने बुडवला, ज्यांची रानातली उपजीविका जंगल कायद्याने हिरावली, त्यांच्या मुलांनाही जन्मतःच संशयित ठरवले गेले. सोलापुरात अशा जमातींची तारांच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ सालचे ‘उचल्या’ हे आत्मकथन मराठी वाचकाला ठाऊक आहे. पोट आणि शिक्का या दोहोंच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाला सरळ धंदा मिळणे किती अवघड असते, हे त्या पुस्तकाने मध्यमवर्गाच्या घरात नेऊन ठेवले. ज्याला काम द्यायलाच कोणी तयार नाही, त्याच्या श्रमाला राज्य मुकते. आर्थिक वाढीच्या हिशेबात हेही नुकसानच होय.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांची अर्थशास्त्रीय मांडणी केली. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विचाराचे सार असे की गुन्हा करणारा माणूसही लाभहानीचा विचार करतो. सापडण्याची शक्यता किती, शिक्षा किती आणि सरळ मार्गाने मिळकत किती, या तीन गोष्टींवर त्याचा निर्णय अवलंबून असतो. पहिल्या दोन गोष्टींवर सरकारे भर देतात. तिसरीचे महत्त्व भीलकवडीची व्यवस्था करणाऱ्या अहिल्याबाईंना दोनशे वर्षांपूर्वी कळले होते. परंतु माणूस केवळ लाभहानीनेच चालतो असेही नाही. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात आचार्य विनोबा भाव्यांपुढे वीस बागींनी शस्त्रे ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत फार मोठे समर्पण झाले. या लोकांना शिक्षा चुकली नाही. पण मुंगावलीच्या खुल्या कारागृहात त्यांना शेती करीत शिक्षा भोगता आली. परतण्याची वाट दिसली म्हणजे माणूस परततो, ही गोष्ट हिशेबात बसो वा न बसो, खरी आहे.

आता आजच्या दिव्यांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्याची लोकसंख्या २१,८५,७९३ होती. तीत निम्म्याहून अधिक आदिवासी, आणि साक्षरता शेकडा ५९ च्या आसपास. याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात पीथमपूरचे कारखाने आहेत, आणि दुसऱ्या कोपऱ्यात, कुक्षीच्या बाजूस, दिवाळी आटोपली की भिल्ल-भिलाला कुटुंबे मजुरीसाठी गुजरातची वाट धरतात. कुक्षीच्या पश्चिमेस असलेला आलिराजपूर जिल्हा नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालात, २०१५-१६ च्या पाहणीनुसार, शंभरांत एकाहत्तर माणसे बहुआयामी दारिद्र्यात असलेला म्हणून नोंदला गेला. पुढच्या अहवालाने सुधारणाही दाखवली. साऱ्या मध्य प्रदेशात हे प्रमाण २०१५-१६ मधील ३६.५७ वरून २०१९-२१ मध्ये २०.६३ वर आले. ही घट लहान नाही. परंतु जे घर वर्षातले अनेक महिने कुलूपबंद असते, तेथील मुलाच्या शाळेचा प्रश्न या आकड्याने सुटत नाही.

गुन्हेगारी म्हणजे फक्त दरोडा, ही समजूतही आता सोडली पाहिजे. सरदार सरोवराच्या जलाशयात निसरपूर-चिखलद्यासारखी नर्मदाकाठची गावे आली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुन्या निसरपुरातले दिवे मालवले. विस्थापितांना जमीन घेण्यासाठी रोख रक्कम देण्याची योजना निघाली, तेव्हा दलालांमार्फत बनावट खरेदीखते झाल्याची तक्रार उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २००८ साली न्यायमूर्ती झा आयोग नेमला, आणि २०१६ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालाने या गैरव्यवहारावर शिक्कामोर्तब केले. येथे ना घोडे होते, ना तलवारी. परिणाम मात्र तोच झाला. शेतकऱ्याची जमीन गेली, हातातला पैसा सरला आणि कुणबी मजूर झाला. लेखणीने घातलेली धाड रस्त्यावर दिसत नाही, त्यामुळे तिचा धाक वाटत नाही; पण ज्याला सरकारच्या कागदावर विश्वास उरत नाही, तो विहीर खणत नाही आणि झाड लावत नाही, हे १८१७ सालाइतकेच आजही खरे आहे.

या साऱ्याचा निष्कर्ष काय? पोलीस आणि न्यायालये लागतातच; वाट सुरक्षित नसेल तर सुबत्ता येत नाही. परंतु ती सुरक्षितता गरिबालाही आपली वाटली पाहिजे. हक्काची जमीन, वेळेवर मिळणारी मजुरी, सावकाराच्या तावडीत न नेणारे कर्ज आणि तहसिलीत खरा निघणारा कागद, या चार गोष्टी ज्या राज्यात गरिबाला मिळतात, तेथे गुन्हा करणाऱ्याला साथीदार मिळत नाहीत. कौल-इस्ताव्याच्या काळात सरकार उजाड गावाला अभयवचन देई आणि पहिली काही वर्षे तोटा सोसे. गावे त्यामुळे परतली. आजच्या सरकारांनीही गरिबावरील खर्चाकडे तसेच पाहावे. तो दानधर्म नव्हे, ती पेरणी आहे.

श्रोतेहो, ग्रंथालयाने शंभर वर्षे पूर्ण करणे ही स्वतःच एक शांततेची खूण आहे. पुस्तकांची कपाटे उजाड गावात भरत नाहीत. ज्या सभासदांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरून येथला दिवा तेवत ठेवला, त्यांनी पुढच्या काळात एक काम अगत्याने करावे. मजुरीहून परतणाऱ्या घरातील मुलाला ग्रंथालयाचे सभासदत्व बिनावर्गणी द्यावे, आणि ते घर पुन्हा बाहेर पडेल तेव्हा त्याच्या गाठोड्यात एखादे पुस्तक जाईल असे पाहावे. पुस्तक हरवले तर तो हिशेब ग्रंथालयाने खर्चाच्या रकान्यात आनंदाने लिहावा.